नेटवर्क दोषनिवारणातील डीबगिंग साधनांचा सुरक्षित वापर

डीबगिंग साधने म्हणजे संगणक नेटवर्कमधील बिघाडाचे कारण शोधण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या आज्ञा, आज्ञावल्या व उपकरणे होत. राउटर आणि स्विचवरील डीबग आज्ञा, पॅकेट टिपून ठेवणारे टीसीपीडंप व वायरशार्क, पॅकेटचा मार्ग दाखवणारे ट्रेसराउट, तसेच सर्व्हरवरील सविस्तर नोंदी यांचा त्यांत समावेश होतो. ही साधने नेटवर्कच्या बाहेर उभी राहून निरीक्षण करत नाहीत. ज्या यंत्रणेची तपासणी चालू असते तिचाच प्रोसेसर, तिचीच मेमरी आणि बहुधा तिचीच जोडणी ती वापरतात. शिवाय सामान्य वापरकर्त्याला नसलेले अधिकार त्यांना द्यावे लागतात. त्यामुळे निष्काळजीपणे वापरलेले साधन मूळ बिघाडापेक्षा मोठा बिघाड घडवू शकते किंवा गोपनीय माहिती उघडी पाडू शकते. सुरक्षित वापर म्हणजे साधन टाळणे नव्हे. निरीक्षणाची व्याप्ती, कालावधी, अधिकार आणि जमा होणारी माहिती यांना आधीच मर्यादा घालणे व काम संपल्यावर सर्व काही पूर्ववत झाल्याची खात्री करणे, असा त्याचा अर्थ आहे.

## संज्ञा व प्रकार

संगणकशास्त्रात आज्ञावलीतील दोषाला ‘बग’ आणि तो शोधून दूर करण्याच्या क्रियेला ‘डीबगिंग’ असे म्हणतात. नेटवर्कच्या क्षेत्रात ही संज्ञा अधिक व्यापक अर्थाने वापरली जाते. येथे दोष आज्ञावलीत, मांडणीत, तारेत किंवा दोन उपकरणांमधील विसंवादात असू शकतो. या कामातील साधनांचे स्थूलमानाने तीन प्रकार पडतात.

पहिला प्रकार सक्रिय चाचणीचा आहे. पिंग व ट्रेसराउट ही साधने स्वतः पॅकेट पाठवतात आणि येणाऱ्या उत्तरावरून निष्कर्ष काढू देतात. दुसरा प्रकार निरीक्षणाचा आहे. टीसीपीडंप व वायरशार्क जोडणीवरून जाणाऱ्या पॅकेटची प्रत घेतात. तिसरा प्रकार अंतर्गत नोंदींचा आहे. राउटरवरील डीबग आज्ञा किंवा सर्व्हरवरील सविस्तर लॉग यांतून उपकरण आतल्या आत कोणते निर्णय घेत आहे ते समजते. पहिल्या प्रकारात वाहतुकीत भर पडते, दुसऱ्यात इतरांचा मजकूर हाती येतो आणि तिसऱ्यात उपकरणावर कामाचा बोजा वाढतो. प्रत्येक प्रकाराचा मुख्य धोका असा वेगळा असल्यामुळे त्यावरील खबरदारीही वेगळी असते.

## इतिहास

पिंग ही आज्ञावली माइक मूस यांनी डिसेंबर १९८३ मध्ये अमेरिकी लष्कराच्या बॅलिस्टिक रिसर्च लॅबोरेटरीत लिहिली. पाणबुडीतील सोनार यंत्राच्या ध्वनीवरून तिला हे नाव मिळाले. ट्रेसराउट ही आज्ञावली व्हॅन जेकबसन यांनी कॅलिफोर्नियातील लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेत १९८७ साली तयार केली. त्याच प्रयोगशाळेत जेकबसन, क्रेग लेरेस आणि स्टीव्हन मॅकॅन यांनी १९८८ साली टीसीपीडंप लिहिले.

सुरुवातीच्या साधनांमध्ये प्रत्येक पॅकेट कर्नलकडून वापरकर्त्याच्या आज्ञावलीकडे नेले जाई आणि नको असलेले पॅकेट तेथे टाकून दिले जाई. या नकल करण्यातच पुष्कळ वेळ खर्च होत असे. मॅकॅन व जेकबसन यांनी १९९२ साली बर्कली पॅकेट फिल्टर ही रचना मांडली. तिच्यात निवड कर्नलमध्येच होते आणि नको असलेल्या पॅकेटची नकल मुळातच टळते. जेराल्ड कोम्ब्स यांनी १९९८ साली इथिरियल नावाचे सचित्र साधन प्रसिद्ध केले. व्यापारचिन्हाच्या अडचणीमुळे २००६ साली त्याचे नाव वायरशार्क असे झाले.

चालू यंत्रणेत निरीक्षण सुरक्षित करण्याचा विचार पुढील काळात साधनांच्या रचनेतच आला. सन मायक्रोसिस्टिम्सने सोलारिस १० या प्रणालीबरोबर २००५ साली दिलेले डीट्रेस हे साधन प्रत्यक्ष सेवेत असलेल्या यंत्रणांवर वापरता यावे, या उद्देशाने घडवले होते. लिनक्स कर्नलमध्ये २०१४ पासून आलेल्या ईबीपीएफ या यंत्रणेत एक पडताळक असतो. निरीक्षणासाठी लिहिलेली आज्ञावली अंतहीन चक्रात अडकणार नाही व मेमरीच्या निषिद्ध भागाला हात लावणार नाही, हे तपासल्यावरच तो तिला कर्नलमध्ये चालू देतो.

## साधनाचा यंत्रणेवरील भार

आधुनिक राउटरमध्ये पॅकेट पुढे पाठवण्याचे काम बहुतांशी खास चिपवर किंवा वेगवान मार्गाने होते. मुख्य प्रोसेसर मार्गांचे तक्ते सांभाळणे, शेजारच्या राउटरशी संवाद ठेवणे अशी नियंत्रणाची कामे करतो. डीबग आज्ञा दिल्यावर प्रत्येक घटनेमागे एक ओळ तयार करण्याचे काम याच प्रोसेसरवर पडते. सिस्कोच्या आयओएस प्रणालीत डीबगच्या मजकुराला उच्च प्राधान्य असते. त्यामुळे इतर कामे मागे पडून राउटर प्रतिसाद देईनासा होण्याची शक्यता असते. सर्व प्रकारचे डीबग एकाच वेळी चालू करणारी ‘डीबग ऑल’ ही आज्ञा दिल्यास ही प्रणाली स्वतःच धोक्याची सूचना दाखवून पुष्टी मागते.

बोजा किती वाढू शकतो हे कन्सोलच्या उदाहरणावरून स्पष्ट होते. कन्सोल म्हणजे उपकरणाला थेट तारेने जोडलेले नियंत्रणद्वार होय. त्याचा नेहमीचा वेग ९,६०० बॉड असतो. आरंभ व समाप्तीचे बिट धरून एका अक्षराला १० बिट लागतात, म्हणजे सेकंदाला ९६० अक्षरे जातात. डीबगची एक ओळ ९६ अक्षरांची धरली, तर सेकंदाला केवळ १० ओळी उमटतात. राउटरमधून सेकंदाला १,००० पॅकेट जात असतील व प्रत्येकामागे एक ओळ तयार होत असेल, तर एका सेकंदातील नोंदी उमटायला १०० सेकंद लागतील. ही तूट भरून निघण्यासारखी नसते. नोंदी साचत जातात आणि प्रोसेसर त्यांतच गुंतून पडतो. या कारणास्तव डीबग चालू करण्यापूर्वी कन्सोलवरील नोंदी बंद करून त्या राउटरच्या मेमरीतील राखीव जागेत साठवण्याची पद्धत रूढ आहे.

दुसरा धोका स्वतःलाच पोसणाऱ्या चक्राचा असतो. अभियंता दूरस्थ जोडणीवरून राउटरवर आला असेल आणि त्याने सर्व पॅकेटचे डीबग चालू केले, तर पडद्यावर येणारी प्रत्येक ओळ पॅकेट बनूनच त्याच्यापर्यंत पोहोचते. ते पॅकेटही डीबगच्या कक्षेत येते व त्याची नवी ओळ तयार होते. दूरस्थ सर्व्हरवर टीसीपीडंप चालवतानाही असेच घडते. त्यामुळे स्वतःच्या जोडणीचे पॅकेट गाळणीतून वगळणे हा या कामातील प्राथमिक नियम मानला जातो.

साठवणुकीची जागाही झपाट्याने भरते. सेकंदाला १ गिगाबिट क्षमतेची जोडणी एका दिशेने पूर्ण भरलेली असल्यास तिच्यावरून सेकंदाला १२५ मेगाबाइट, म्हणजे मिनिटाला ७.५ गिगाबाइट माहिती जाते. ती पूर्ण टिपून ठेवल्यास तासाभरात ४५० गिगाबाइट जागा लागेल. सर्व्हरची डिस्क अशा रीतीने भरली, की त्यावर चालणारी मूळ सेवाही बंद पडू शकते. सरासरी १,००० बाइटच्या पॅकेटमधील पहिले ९६ बाइटच राखून ठेवले, तर प्रत्येक नोंदीचे १६ बाइटचे शीर्ष धरूनही हे प्रमाण सेकंदाला १४ मेगाबाइटवर येते. अनेक बिघाडांच्या शोधासाठी पॅकेटचा शीर्षभाग पुरेसा असतो.

## मोजमापातील दिशाभूल

साधनाने यंत्रणा बंद पाडली नाही, तरी ते चुकीचे चित्र दाखवू शकते. त्या चित्राच्या आधारे सुस्थितीतील भाग बदलला गेल्यास नवा दोष निर्माण होतो.

स्विचवरील वाहतुकीची प्रत दुसऱ्या पोर्टवर पाठवण्याच्या सोयीला पोर्ट मिररिंग म्हणतात. १ गिगाबिटच्या जोडणीवर दोन्ही दिशांनी पूर्ण वाहतूक असेल, तर ती एकूण २ गिगाबिट होते. प्रत घेणारा पोर्ट १ गिगाबिटचाच असल्यास निम्मी पॅकेट तेथे गळतात. मूळ जोडणीवर एकही पॅकेट हरवलेले नसताना टिपलेल्या फायलीत मात्र मोठी गळती दिसते. टीसीपीडंप थांबवल्यावर कर्नलने किती पॅकेट गाळली याचा आकडा ते दाखवते. तो शून्य आहे का, हे आधी पाहणे आवश्यक असते.

नेटवर्क कार्ड स्वतःकडे काही कामे घेत असल्यामुळेही असाच संभ्रम होतो. बाहेर जाणाऱ्या पॅकेटची पडताळणी-बेरीज म्हणजे चेकसम अनेकदा कार्डच मोजते. टीसीपीडंप त्याआधीच पॅकेटची प्रत घेते, त्यामुळे पाठवणाऱ्या यंत्रावर सर्व चेकसम चुकीचे दिसतात. मोठ्या मजकुराचे तुकडे करण्याचे कामही कार्डकडे असल्यास १,५०० बाइटची मर्यादा असलेल्या जोडणीवर त्याहून मोठी पॅकेट दिसू लागतात. हे दोन्ही प्रकार दोष नसून टिपण्याच्या जागेचे परिणाम असतात.

राउटरवरील पॅकेट डीबगला केवळ मुख्य प्रोसेसरकडे येणारी पॅकेट दिसतात, वेगवान मार्गाने जाणारी दिसत नाहीत. हे ठाऊक नसल्यास ‘पॅकेट येतच नाही’ असा निष्कर्ष काढला जातो. ती दिसावीत म्हणून वेगवान मार्ग बंद करणे त्याहून धोक्याचे असते, कारण मग संपूर्ण वाहतूक प्रोसेसरवर येऊन पडते.

वेळेची नोंद हाही दिशाभुलीचा एक स्रोत आहे. एका उपकरणावर भारतीय प्रमाणवेळ व दुसऱ्यावर जागतिक समन्वित वेळ असल्यास एकाच घटनेच्या दोन नोंदींत साडेपाच तासांचे अंतर पडते. तपासणीपूर्वी सर्व उपकरणांची घड्याळे एनटीपी या प्रोटोकॉलने जुळलेली आहेत का, हे पाहावे लागते.

## गोपनीयता

टिपलेल्या पॅकेटच्या फायलीत इतरांचा पत्रव्यवहार, पाहिलेल्या संकेतस्थळांचे पत्ते आणि परवलीचे शब्द येऊ शकतात. टेलनेट, एफटीपी व साधे एचटीटीपी हे प्रोटोकॉल मजकूर उघड्या स्वरूपात पाठवतात. त्यांवरील पासवर्ड वायरशार्कमध्ये जसाच्या तसा वाचता येतो. टीएलएसने कूटबद्ध केलेला मजकूर तसा वाचता येत नाही. तथापि, दोष शोधण्यासाठी ब्राउझरकडून सत्राच्या गुप्त किल्ल्या फायलीत उतरवून घेण्याची सोय असते. पॅकेटची फाइल आणि ही किल्ल्यांची फाइल एकत्र ठेवल्यास कूटबद्धतेचे संरक्षण उरत नाही.

सर्व्हरवरील नोंदींतूनही असेच प्रसंग उद्भवले आहेत. ट्विटरने ३ मे २०१८ रोजी जाहीर केले, की एका दोषामुळे वापरकर्त्यांचे पासवर्ड हॅश होण्यापूर्वीच अंतर्गत लॉगमध्ये उघड्या रूपात लिहिले जात होते. गैरवापर झाल्याचे आढळले नसले तरी कंपनीने सर्व वापरकर्त्यांना पासवर्ड बदलण्याचा सल्ला दिला.

दोषनिवारणासाठी दुसऱ्याकडे सोपवलेली फाइल ही तितकीच जोखमीची ठरते. ओळख-पडताळणीची सेवा देणाऱ्या ओक्टा या कंपनीच्या ग्राहक-साहाय्य यंत्रणेत सप्टेंबर-ऑक्टोबर २०२३ मध्ये घुसखोरी झाली. तक्रारींच्या निराकरणासाठी ग्राहकांनी तेथे ब्राउझरच्या संवादाच्या फायली चढवल्या होत्या. या एचएआर प्रकारच्या फायलींत सत्रांचे टोकन असू शकतात. कंपनीच्या निवेदनानुसार १३४ ग्राहकांशी संबंधित फायली हल्लेखोराने पाहिल्या आणि त्यांतील टोकन वापरून ५ ग्राहकांच्या सत्रांचा ताबा घेतला. अशा फायली पाठवण्यापूर्वी त्यांतील कुकी व टोकन काढून टाकणे, तसेच ते सत्र संपवून टोकन निरुपयोगी करणे, हे दोन उपाय सुचवले जातात.

## अधिकार व उघडी राहिलेली दारे

नेटवर्क कार्डावरील सर्व पॅकेट वाचण्यासाठी प्रशासकाचे अधिकार लागतात. वायरशार्कमध्ये शेकडो प्रोटोकॉलचा अर्थ लावणारा विस्तृत कोड असतो आणि त्याच्यासमोर येणारी पॅकेट अनोळखी ठिकाणांहून आलेली असतात. मुद्दाम विकृत केलेल्या पॅकेटने या कोडमधील दोषाचा फायदा घेतला आणि आज्ञावली प्रशासकाच्या अधिकाराने चालू असली, तर संपूर्ण संगणक हल्लेखोराच्या हाती जाऊ शकतो. त्यामुळे वायरशार्कची रचना दोन भागांत केलेली आहे. पॅकेट टिपण्याचे काम डंपकॅप ही लहान आज्ञावली विशेष अधिकाराने करते आणि अर्थ लावण्याचे काम साध्या वापरकर्त्याच्या अधिकाराने होते. सर्व्हरवर केवळ टिपण आणि विश्लेषण मात्र वेगळ्या संगणकावर, ही पद्धत त्याच तत्त्वावर आधारलेली आहे.

काम संपल्यावर चालू राहिलेली डीबगची सोय हा सुरक्षेचा जुना प्रश्न आहे. इंटरनेटवर २ नोव्हेंबर १९८८ रोजी पसरलेल्या मॉरिस वर्मने जे मार्ग वापरले, त्यांपैकी एक सेंडमेल या टपाल आज्ञावलीतील डीबग सोयीचा होता. चाचणीसाठी ठेवलेल्या या सोयीमुळे टपालाच्या प्राप्तकर्त्याच्या जागी पत्त्याऐवजी आज्ञा देता येत असे आणि समोरचा संगणक ती पाळत असे. अनेक ठिकाणी ही सोय सेवेतील यंत्रांवर तशीच चालू होती. हजारो संगणक या वर्मने बाधित झाले. तीस वर्षांनंतरही हा प्रश्न सुटलेला नव्हता. अँड्रॉइड उपकरणांतील डीबग ब्रिज ही विकासकांसाठीची सोय ५५५५ क्रमांकाच्या पोर्टवर उघडी राहिलेल्या उपकरणांमध्ये फेब्रुवारी २०१८ मध्ये एक वर्म पसरला व त्याने त्या उपकरणांना कूटचलन मिळवण्याच्या कामाला लावले.

## तपासणीतून घडलेले मोठे बिघाड

ॲमेझॉनच्या एस३ या साठवण सेवेच्या उत्तर व्हर्जिनिया विभागात २८ फेब्रुवारी २०१७ रोजी मोठा खंड पडला. कंपनीच्या अहवालानुसार त्या सकाळी देयकांची यंत्रणा संथ चालत असल्याच्या कारणाचा शोध चालू होता. अधिकृत कर्मचाऱ्याने ठरलेल्या कार्यपुस्तिकेप्रमाणे मोजके सर्व्हर काढून घेण्याची आज्ञा दिली, पण तिच्यातील एक मूल्य चुकीचे पडले आणि अपेक्षेपेक्षा कितीतरी अधिक सर्व्हर निघाले. सेवा पूर्ववत होण्यास चार तासांहून अधिक काळ लागला. सेवांची स्थिती दाखवणारे पृष्ठही एस३वरच अवलंबून असल्यामुळे सुरुवातीला तेही अद्ययावत करता आले नाही. यानंतर कंपनीने ते साधन बदलले. सर्व्हर हळूहळूच काढले जातील आणि किमान क्षमतेच्या खाली जाणारी आज्ञा अडवली जाईल, अशी तरतूद त्यात करण्यात आली.

फेसबुकच्या सेवा ४ ऑक्टोबर २०२१ रोजी सुमारे सहा तास बंद पडल्या. नेहमीच्या देखभालीच्या वेळी जागतिक मुख्य नेटवर्कची उपलब्ध क्षमता अजमावण्यासाठी दिलेल्या आज्ञेने त्या नेटवर्कच्या सर्व जोडण्याच तोडल्या. अशा आज्ञा तपासून अडवणारे साधन अस्तित्वात होते, परंतु त्यातील दोषामुळे ती अडवली गेली नाही. डीएनएस सर्व्हर इंटरनेटवरून दिसेनासे झाले आणि अभियंत्यांची अंतर्गत साधनेही त्याच नेटवर्कवर अवलंबून असल्यामुळे निकामी ठरली. अखेरीस अभियंत्यांना प्रत्यक्ष डेटा सेंटरमध्ये पाठवावे लागले.

या दोन्ही घटनांत आज्ञा देणारा कर्मचारी अधिकृत होता आणि काम नित्याचे होते. व्यक्तीच्या सावधगिरीवर विसंबून न राहता साधनातच मर्यादा असावी, तसेच तपासणीचा मार्ग तपासल्या जाणाऱ्या नेटवर्कपासून स्वतंत्र असावा, हे त्यांतून निघणारे दोन निष्कर्ष होत.

## सुरक्षित कार्यपद्धती

### तपासणीपूर्वी

प्रथम प्रश्न नेमका केला जातो. ‘नेटवर्क संथ आहे’ या तक्रारीवरून कोणतेही डीबग निवडता येत नाही. ‘अमुक संगणकाला अमुक सर्व्हरचे उत्तर सकाळी दहानंतर उशिरा मिळते’ अशी मांडणी झाली, की टिपण्याची जागा, वेळ व गाळणी ठरवता येते. त्यानंतर सर्वांत कमी बोजाचे साधन आधी वापरले जाते. उपकरणाची स्थिती दाखवणाऱ्या आज्ञा, पोर्टवरील त्रुटींचे आकडे आणि आधीपासून असलेल्या नोंदी यांतूनच पुष्कळ दोष उघड होतात.

डीबग आवश्यकच असेल, तर प्रोसेसरवरील सध्याचा बोजा पाहिला जातो. तो आधीच अधिक असल्यास डीबग पुढे ढकलले जाते किंवा वाहतूक कमी असलेली वेळ निवडली जाते. नेटवर्कच्या मालकाची परवानगी घेणे, संबंधितांना सूचना देणे आणि चालू मांडणीची प्रत राखून ठेवणे ही कामेही याच टप्प्यात होतात. परतीचा मार्ग आधी तयार असावा लागतो. सिस्कोच्या उपकरणांवर सर्व डीबग बंद करणारी ‘अनडीबग ऑल’ ही आज्ञा सुरुवातीलाच एकदा दिली जाते, म्हणजे गडबडीच्या वेळी ती आज्ञांच्या इतिहासातून एका कळीने पुन्हा मिळते. मांडणीत बदल करावा लागणार असल्यास ज्युनिपरच्या उपकरणांवर ‘कमिट कन्फर्म्ड’ ही सोय असते. ठरलेल्या मुदतीत, सामान्यतः १० मिनिटांत, बदलाची पुष्टी झाली नाही तर जुनी मांडणी आपोआप परत येते.

### तपासणीच्या वेळी

व्याप्ती शक्य तितकी लहान ठेवली जाते. राउटरवर प्रवेश-सूची जोडून किंवा अटी घालून एकाच पत्त्याचे डीबग करता येते. टीसीपीडंपमध्ये यजमान आणि पोर्ट यांची गाळणी, पॅकेटच्या संख्येची मर्यादा, पॅकेटमागे राखायच्या बाइटची मर्यादा आणि ठराविक आकाराच्या फायली फिरत्या क्रमाने वापरण्याची सोय असते. शेवटच्या सोयीमुळे नवी फाइल सर्वांत जुन्या फायलीची जागा घेते व डिस्क भरत नाही. पत्त्यांचे नावांत रूपांतर करण्याची सोय बंद ठेवली जाते. अन्यथा प्रत्येक नव्या पत्त्यासाठी साधन स्वतःच डीएनएस सर्व्हरकडे विचारणा करते. त्यामुळे वाहतूक वाढते आणि घुसखोरीचा शोध चालू असल्यास त्याची चाहूलही लागू शकते.

एका वेळी एकच बदल केला जातो आणि वेळेसह त्याची नोंद ठेवली जाते. दोन बदल एकत्र केल्यास बिघाड कशामुळे गेला हे कळत नाही व अनावश्यक बदल मागे राहून जातो. मोठ्या संस्थांत एक व्यक्ती आज्ञा देते आणि दुसरी ती वाचून पाहते, अशीही पद्धत आढळते.

### तपासणीनंतर

डीबग बंद केल्यावर ते खरोखर बंद झाले आहे का, हे दाखवणारी आज्ञा वेगळी दिली जाते. लॉगची पातळी, पोर्ट मिररिंग, तात्पुरती वापरकर्ता खाती आणि आगभिंतीत उघडलेले पोर्ट हे सर्व पूर्ववत केले जाते. टिपलेल्या फायली कूटबद्ध करून मर्यादित व्यक्तींच्याच हाती ठेवल्या जातात आणि ठरलेल्या मुदतीनंतर नष्ट केल्या जातात. तपासणीत कोणाचा पासवर्ड किंवा टोकन उघड झाले असल्यास ते बदलले जाते.

## कायदेशीर बाजू

भारतात माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० च्या कलम ४३ नुसार मालकाच्या किंवा प्रभारी व्यक्तीच्या परवानगीविना संगणक अथवा नेटवर्कमध्ये प्रवेश करणे आणि त्यातील माहितीची प्रत घेणे हे भरपाईस पात्र ठरते. हेच कृत्य अप्रामाणिक किंवा कपटी हेतूने केल्यास कलम ६६ नुसार तीन वर्षांपर्यंत कारावासाची तरतूद आहे. सेवा-कराराच्या ओघात हाती आलेली वैयक्तिक माहिती, नुकसान होण्याच्या हेतूने अथवा तशी जाणीव असताना, करार मोडून उघड करणे हा कलम ७२-अ नुसार गुन्हा आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी गोपनीयता हा मूलभूत हक्क असल्याचा निर्णय दिला. २०२३ साली डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियम संमत झाला. दोषनिवारणाचा हेतू चांगला असला, तरी तो परवानगीची जागा घेऊ शकत नाही. त्यामुळे संस्थांमध्ये कोणी, कोठे, किती काळ पॅकेट टिपावीत याची लेखी संमती घेतली जाते.

## शिक्षणातील वापर

ही साधने शिकण्यासाठी सेवेत असलेल्या नेटवर्कची गरज नसते. सिस्कोचे पॅकेट ट्रेसर, जीएनएस३ आणि मिनीनेट यांसारख्या आज्ञावल्यांत एका संगणकावरच आभासी राउटर व स्विच उभारता येतात. तेथे ‘डीबग ऑल’ दिल्यास नुकसान केवळ आभासी उपकरणाचे होते आणि बोजा कसा वाढतो ते सुरक्षितपणे पाहता येते. स्वतःच्या संगणकावरील स्वतःची वाहतूक वायरशार्कने टिपणे हाही प्राथमिक अभ्यासाचा रूढ प्रकार आहे. महाविद्यालय, वसतिगृह किंवा कार्यालय येथील सामायिक वाय-फायवर इतरांची पॅकेट टिपणे मात्र सरावाच्या नावाखालीही संबंधित प्रशासकाच्या परवानगीविना केले जाऊ नये, कारण कायद्याच्या दृष्टीने त्या पॅकेटमधील माहिती इतरांची असते.